शेडिंग करूनही माठ सपाट दिसतोय? आधी बोट घासणं थांबवा

तुमचं माठाचं चित्र पाहिलं आणि माझी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या वेळची वस्तुचित्रं आठवली. आकार बिनचूक, कडा ठसठशीत, आत मात्र सगळीकडे एकच धुरकट करडा. पेन्सिल धरणं, रेघांचा थर देणं तुम्हाला येतंय, त्यामुळे ते सोडून देते.

आमच्या क्लासमध्ये (नाव नको) शेडिंग म्हणजे 'बोटाने घासा, मऊ दिसतं' एवढंच होतं. फी मात्र वेळच्या वेळी! बोटाच्या तेलकटपणाने ग्राफाइट कागदाला असं चिकटतं की खोडरबर फिरवून पांढरं परत येत नाही, आणि कागदाचे दाणे बुजल्यामुळे वरून गडद थरही चढत नाही. उजेड गेला, अंधारही गेला. त्यात 'फार काळं करू नका, चित्र घाण दिसतं' ही तंबी. त्या भीतीने पुढे कितीतरी काळ माझा हात 2बी पेन्सिलीच्या पुढे गेलाच नाही (बीचा आकडा जेवढा मोठा, तेवढी पेन्सिल मऊ आणि गडद).

माझ्या मते सर्वांत गडद जागा आधी ठरवावी. माठात ती दोन ठिकाणी सापडेल: तोंडाच्या आत, आणि बूड टेबलाला टेकतं तिथल्या बारीक फटीत. तिथे 6बी बिनधास्त लावा, बाकीचे टोन, म्हणजे फिकट-गडद छटा, त्यावरून जोखा. पोटावरचा गडद पट्टा अगदी कडेला नसतो, जरा आत असतो. कडेपाशी टेबलावरून उलटून आलेला उजेड असतो. पण तोही उजेडाच्या बाजूपेक्षा फिकट करायचा नाही, नाहीतर गोलाई मोडते. पडछाया बुडाशी धारदार, लांब जाताना विरत जाते. डोळे किलकिले करून पाहिलं की हे फरक चटकन दिसतात. आणि ती जाड बाह्यरेषा काढूनच टाका.

घरात दोन ट्यूब चालू असतील तर दोन सावल्या पडतात आणि डोकं फिरतं. एकच टेबललॅम्प बाजूने लावा.

मी काही आर्ट स्कूलची नाही, आणि कागदी स्टंप (घासायची कागदाची घट्ट गुंडाळी) वापरून सुंदर काम करणारेही आहेत. पण ते टोन आधी बसवतात, मग घासतात. झेरॉक्सच्या गुळगुळीत कागदापेक्षा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जरा दाणेदार कागद, घ्या. 8बी जपून, तिरप्या उजेडात चमकते. स्टीलचा तांब्या एवढ्यात नको. त्याच्यात अख्खी खोली दिसते, आधी दोन-चार माठ आणि अंडी होऊ द्या.