टेक्निकल डायव्हिंगसाठी पहिला रिब्रीदर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओपन सर्किटवर (सोडलेला श्वास बुडबुड्यांतून वाया जातो ती नेहमीची पद्धत) ट्रायमिक्सपर्यंत (ऑक्सिजन, नायट्रोजन, हेलियमचं मिश्रण) शिकून झालंय, आता ६० मीटरच्या आसपासची बुडालेली जहाजं बघायची आहेत, आणि नवा जेजे, नवा रेव्हो की स्वस्तात मिळणारा जुना इन्स्पिरेशन, यांपैकी कुठला रिब्रीदर (सोडलेला श्वास स्वच्छ करून, ऑक्सिजन घालून पुन्हा घ्यायला देणारं यंत्र) घ्यावा, यावर घोडं अडलंय. मी जेजे वापरतो, तेव्हा माझं पारडं थोडं तिकडे झुकणार हे धरूनच वाचा.

रिब्रीदर का घ्यायचा हे तुम्हाला पटलेलं दिसतंय. ६० मीटरवर ओपन सर्किटवाला मिनिटाला १४० लीटरच्या घरात गॅस बुडबुड्यांत घालवतो. शरीराला लागणारा ऑक्सिजन मात्र साधारण एक लीटर, आणि खोली वाढली म्हणून तो वाढत नाही. हेलियमचं बिल स्वतः भरणाऱ्याला यापुढे काही सांगावं लागत नाही.

विकणाऱ्याशी बोलायला गेलात की सगळी चर्चा इलेक्ट्रॉनिक्सची. ऑक्सिजन आपोआप सोडणारा सोलेनॉइड की हाताने चालवायचा मॅन्युअल व्हॉल्व्ह, हँडसेट कुठला, मास्कसमोर डिस्प्ले हवा का. माझ्या मते निवड तिथे ठरत नाही. ऑक्सिजन निदान मोजता तरी येतो: तीन सेल (ऑक्सिजन मोजणारे सेन्सर), डोळ्यांसमोर आकडा, शंका आली तर ताजा डायल्युएंट (ऑक्सिजनमध्ये मिसळायचा, प्रमाण ठाऊक असलेला गॅस) सोडून पडताळणी. (सेल वेळेवर बदला, तिन्ही एकाच बॅचचे नकोत. दोन सेल मिळून खोटं बोलले तर यंत्र खऱ्या तिसऱ्याला बाद करतं.) कार्बन डायऑक्साइड मात्र बहुतेक यंत्रांत मोजलाच जात नाही. काहींत स्क्रबरचं (कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या डब्याचं) तापमान मोजणारी कांडी असते; तिच्यावरून रासायनिक क्रिया कुठवर सरकली ते कळतं, तुमच्या श्वासात काय येतंय ते नाही.

म्हणून आधी स्क्रबर बघा. मॅन्युअलमध्ये ‘तीन तास’ लिहिलं असेल तर कुठल्या खोलीवर, किती थंड पाण्यात, असं विचारा. युरोपीय मानकाची चाचणी ४० मीटर, ४ अंश सेल्सिअस आणि मिनिटाला १.६ लीटर कार्बन डायऑक्साइडवर होते. तुम्ही त्याच्या खाली जाणार आहात, आणि खोलीवर स्क्रबर कमी टिकतो. रेव्होचे दोन छोटे डबे आहेत. पहिला संपला की दुसरा त्याच्या जागी आणि मागे ताजा. सोडालाइम (डब्यातले कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) वाचतो, पण कुठला डबा किती वापरला याची नोंद चोख ठेवावी लागते. जेजेचा एकच मोठा डबा, त्यात अडीच किलोच्या आसपास माल. थोडं ओतायचं, डब्याच्या अंगावर टपल्या मारायच्या, दाणे बसले की पुन्हा ओतायचं. कडेला पोकळी राहिली तर गॅस तिथूनच पळवाट काढतो. हे काम वाऱ्याकडे पाठ करून करा, धूळ नाकात झोंबते.

दुसरी गोष्ट, श्वास घ्यायला पडणारे कष्ट. पाठीवरच्या काउंटरलंग्जमुळे (श्वासाचा गॅस ये-जा करतो त्या पिशव्यांमुळे) छाती मोकळी राहते, पण पालथं पोहताना श्वास आत ओढणं जरा जड जातं, खांद्यावरच्यांचं उलट. कागदावर वाचून हे ठरवू नका. पाण्यात उतरून, जोरात फिन मारत, कुशीवर वळून बघा. गॅसची घनता लीटरला ५.२ ग्रॅमच्या आत ठेवा, ६.२ ही शेवटची हद्द. साधी हवा ३० मीटरच्या थोडं पुढेच ५.२ ओलांडते, म्हणजे डायल्युएंटमध्ये हेलियमची काटकसर नको.

जानेवारी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलमध्ये रिब्रीदर वापरणारा डायव्हर डेव्ह शॉ २७० मीटरवर दगावला तो असाच. दहा वर्षं तळाशी पडलेला एका डायव्हरचा मृतदेह वर आणायला उतरला होता. दाट गॅस, त्यात अंगमेहनत, आणि शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेना. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात त्याचा श्वास वाढत गेलेला नोंदला गेला आणि पुढे तज्ज्ञांनी त्यावरच विश्लेषण केलं.

अशा प्रसंगासाठी बेलआउट व्हॉल्व्ह (तोंडातल्या माउथपीसमधूनच थेट सिलिंडरच्या गॅसवर नेणारा) घ्याच, वरचे पैसे पडले तरी. धाप लागलेल्या माणसाला तोंडातला लूप (रिब्रीदरची श्वासाची नळी) काढून दुसरा रेग्युलेटर लावायचा धीर होत नाही. इथे एक खटका फिरवला की काम झालं. हिशेबही मांडून बघा: धापेत मिनिटाला ४० लीटर धरले तर ६० मीटरवर २८० होतात. ११ लीटरचा, २०० बारचा सिलिंडर तिथे आठ मिनिटंसुद्धा पुरत नाही.

इन्स्पिरेशन यंत्र म्हणून वाईट नाही, १९९७ पासून बाजारात आहे. पण जुना घेताना सर्व्हिसचे कागद, सुटे भाग आणि त्याच मॉडेलवर शिकवणारा इन्स्ट्रक्टर आधी बघा, कारण सर्टिफिकेट त्या-त्या यंत्राचं मिळतं. तो इन्स्ट्रक्टर हाताशी नसेल तर स्वस्ताई विसरा. नव्या दोघांपैकी, तुमच्या नेहमीच्या बडीकडे (सोबत उतरणाऱ्या जोडीदाराकडे) जे आहे ते घ्या. बोटीवर एखादी ओ-रिंग तुटली तर त्याच्या डब्यातली चालेल.