लिस्बनचं घर थांबू शकतं, पॉलिसी थांबणार नाही

मानपाड्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ४१, अविवाहित, ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी, हातात महिना ९५ हजार. वन बीएचके स्वतःचा, त्याचा ईएमआय ३२ हजार. आई भावाकडे बदलापूरला असते. यंदा ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांना पोर्तुगालमध्ये, लिस्बनला एकटीने जाऊन राहायचं आहे. एक महिना साठलेली रजा, दोन महिने बिनपगारी. त्या लिहितात, ‘टूरबरोबर आठ दिवसांत पाच शहरं मला नकोत. एका गल्लीत राहून रोजची भाजी आणायची आहे.’

प्रश्न असा: ग्रासा भागातला एक छोटा फ्लॅट त्यांना आवडला आहे. साइटवरून बुक केला तर भाडं महिना १,२५० युरो. घरमालक म्हणतो, तीन महिन्यांचं भाडं आणि एका महिन्याचं डिपॉझिट आत्ताच थेट माझ्या खात्यात पाठवलंत तर १,०५० युरोत देतो. ‘साठेक हजार रुपये वाचतात. पाठवू का?’

नका पाठवू. कारणं पुढे देते. पण पत्र वाचताना मी या प्रश्नावर थांबलेच नाही. थांबले ती शेवटाकडच्या एका वाक्यावर. ‘पुढच्या वर्षांच्या प्रवासाची सोय झाली आहे, कारण बँकेत फॉरेक्स कार्डची चौकशी करायला गेले होते तेव्हा तिथल्या रिलेशनशिप मॅनेजरने एक प्लॅन दिला. वर्षाला ३ लाख, दहा वर्षं. त्यातून दरवर्षी ४५ हजार ट्रॅव्हल इन्कम येणार.’

सोबत त्या प्लॅनच्या एका पानाचा फोटो आहे. हा प्लॅन म्हणजे विमा पॉलिसी. तिचा बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा दस्तऐवज, ६ तारखेला ईमेलवर आला, पत्र १९ तारखेचं. विमा पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत कारण सांगून किंवा न सांगताही परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. त्यातले तेरा दिवस पत्र लिहीपर्यंतच संपले होते, म्हणून मी इथल्या उत्तराची वाट न पाहता त्यांना त्याच दिवशी ईमेल केला: पॉलिसी परत करा. का, ते इथे सविस्तर लिहिते, कारण याच जातीचं पान दर महिन्याला कुणी ना कुणी माझ्यासमोर ठेवतं.

पानावर दोन रकाने आहेत. एक ४ टक्के परतावा धरून, दुसरा ८ टक्के धरून. मॅनेजरने निळ्या पेनाने ८ टक्क्यांच्या रकान्याभोवती गोल केला आहे: वर्षाला ४५ हजार रोख बोनस, वीस वर्षांनी ५० लाख. ‘तीस भरा, एकोणसाठ घ्या, तेही टॅक्स-फ्री’ असं त्याने समजावलं. गोल केलेल्या रकान्याच्या शेजारीच ४ टक्क्यांचा रकाना आहे. त्यात बोनस २० हजार आणि शेवटी ३६ लाख. तो रकाना बाईंना कुणी वाचून दाखवला नाही. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे की हे दोन्ही आकडे नुसते उदाहरणादाखल आहेत, ही परताव्याची वरची किंवा खालची मर्यादा नव्हे.

आता हिशेब. ते ८ टक्के म्हणजे कंपनीच्या फंडाने मिळवायचे ८ टक्के. त्यातून खर्च, कमिशन, विम्याचा भाग वजा जाऊन गोल केलेल्या रकान्यातला तुमचा परतावा वर्षाला साधारण ५ टक्के पडतो. दुसऱ्या रकान्यात तो २ टक्क्यांवर येतो. वीस वर्षं पैसे अडकवून चांगल्यात चांगले ५, आणि तेही बोनस जाहीर झाला तर. तुमचं पीपीएफ खातं आहे, असं तुम्हीच लिहिलं आहे, ‘चालू राहावं म्हणून वर्षाला हजार टाकते.’ त्या खात्यावर २०२० पासून ७.१ टक्के मिळत आले आहेत, करमुक्त, आणि वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. ते खातं हजार रुपयांवर उपाशी ठेवायचं आणि ५ टक्क्यांच्या आशेवर ३ लाख द्यायचे, हे कुणी तरी समोर बसून समजावलं म्हणूनच घडलं.

पण परतावा हा त्यातला लहान दोष आहे. मोठा दोष असा की हा हप्ता तुम्हाला परवडतच नाही. ९५ हजारांतून ईएमआय ३२, एसआयपी १०, मेंटेनन्स ४, घरखर्च २८. उरले २१ हजार, म्हणजे वर्षाला अडीच लाख. हप्ता ३ लाखांचा. लिस्बन सोडा, अलिबागला जायच्या आधीच पन्नास हजार कमी पडतात, आणि हे सलग दहा वर्षं. ज्याला ‘ट्रॅव्हल इन्कम’ म्हटलं आहे तो तुमच्याच तीन लाखांतला एक तुकडा आहे. ४५ हजार परत मिळवण्यासाठी तुम्ही दरवर्षी अख्ख्या सहलीचे पैसे देऊन बसणार आहात. एकटीने कमावणाऱ्या बाईला, प्रवासाच्या स्वप्नाचं नाव देऊन, तिच्या प्रवासाचेच पैसे काढून घेणारी वस्तू विकली गेली याचा मला मनापासून राग येतो.

मॅनेजर आता काय म्हणेल तेही सांगते. ‘मॅडम, तीन वर्षं भरा, मग बंद करा.’ तोवर ९ लाख आत गेलेले असतील. ‘रद्द करायला ब्रँचला या.’ जाऊ नका. अर्ज थेट विमा कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवा, बॉण्डवर पत्ता असतो. पॉलिसी क्रमांक, बॉण्ड मिळाल्याची तारीख, ‘फ्री-लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून रक्कम परत करावी’ एवढं एक वाक्य आणि रद्द केलेला चेक. पोच मिळेपर्यंत स्वस्थ बसू नका. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विम्याचा भाग एवढंच कापून बाकी रक्कम परत यायला हवी. टाळाटाळ झाली तर कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा नियामकाचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल, मग विमा लोकपाल. गृहकर्जासाठी जीवन विमा हवा असेल तर साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे नुसतं जीवनाचं कवच, त्यात बचत नाही. पन्नास लाखांचं कवच याच्या हप्त्याच्या साधारण विसाव्या भागात येतं.

आता प्रवासाचे पैसे. तुमची मांडणी अशी: मुदत ठेव साडेचार लाख, ठाण्याचा फ्लॅट तीन महिने भाड्याने देऊन ९० हजार, पॉलिसीचे ४५ हजार. झाले जवळजवळ सहा लाख, आणि सहलीचा अंदाजही सहाचा. यातली मुदत ठेव तेवढी खरी आहे. पॉलिसीचा पहिला बोनस वर्ष पूर्ण झाल्यावर, म्हणजे तुम्ही लिस्बनहून परत आल्यावर कित्येक महिन्यांनी यायचा होता. घोडबंदर रोडला वन बीएचके तीनच महिन्यांसाठी घेणारं कुटुंब शोधा म्हणजे कळेल. लोकांना अकरा महिने हवे असतात. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करावाच लागतो, त्याचं मुद्रांक शुल्क, एजंटची दलाली, सोसायटीची एनओसी आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे), पोलिसांकडे भाडेकरूची माहिती. शिवाय तुमचं सामान कुठे ठेवणार? ही रक्कम शून्य धरा.

आणि एक खर्च तुमच्या कागदावर आलेलाच नाही. बिनपगारी दोन महिन्यांत ईएमआय, एसआयपी, मेंटेनन्स थांबणार नाहीत. महिना ४६ हजार, दोन महिन्यांचे ९२. म्हणजे सहलीची खरी किंमत सातच्या घरात जाते आणि हातात साडेचार. उरलेले क्रेडिट कार्डावर जाणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण दुसरीकडून ते येणार तरी कुठून?

पॉलिसीचे तीन लाख परत आले तर हातात साडेसात होतात. तरीही तीन महिन्यांचा बेत केला तर परत येताना खात्यात पन्नास हजार उरतील, आणि एकट्या पगारावर चालणाऱ्या घरात मी ते मान्य करणार नाही. माझं मत: ४५ दिवस जा. साठलेली रजा वापरून कामाचे जेमतेम दहा दिवस बिनपगारी पडतात, त्याचे ४५ हजार. युरो १०५ रुपये धरला तर राहण्याचे दोन-सव्वादोन लाख, विमान सत्तर हजार, जेवणखाण आणि फिरणं नव्वद हजार, व्हिसा आणि प्रवास विमा वीस हजार. हा खर्च चार लाख, बुडालेल्या पगाराचे ४५ हजार धरून साडेचारच्या आत. तीन लाख हाताशी राहतात, म्हणजे घरचा चार महिन्यांचा खर्च. दीड महिनाही त्या गल्लीतली भाजीवाली ओळखीची व्हायला पुरतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. घरमालकाचे संदेश तुम्ही जोडले आहेत. तो सध्या ‘कामानिमित्त दुसऱ्या देशात’ आहे, घर दाखवू शकत नाही, पैसे जमा झाले की किल्ली कुरिअरने पाठवेल. भाड्याच्या घरांच्या फसवणुकीत हे जगभर असंच्या असं बोललं जातं. त्याने दिलेल्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, बघा. पहिली दोन अक्षरं देशाची असतात. पोर्तुगालची पीटी, तुम्हाला दिलेली एलटी, म्हणजे लिथुआनिया. ऑनलाइन खात्यांमुळे सरळ माणसाचंही खातं तिकडे असू शकतं, पण बाकी गोष्टींच्या जोडीला हे आलं की मी एक युरोही पाठवणार नाही. ४,२०० युरो म्हणजे ४ लाख ४० हजार, तुमची जवळजवळ सगळी मुदत ठेव. बँकेतून परदेशी वायर ट्रान्सफर एकदा गेली की ते पैसे परत मिळणं जवळजवळ अशक्य असतं. साठ हजार वाचवायला चार लाख चाळीस हजार पणाला लावायचे नाहीत.

घरमालक खरा असता तरी माझं उत्तर हेच असतं, कारण तुमचा व्हिसा अजून झालेला नाही. शेंगेन व्हिसावर (पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पण तुम्हाला किती दिवस द्यायचे ते दूतावास ठरवतो. तीन महिन्यांचं भाडं भरून बसलात आणि शिक्का तीस दिवसांचा मिळाला तर? अर्जाला राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो. तो रद्द करता येणाऱ्या बुकिंगचाही चालतो. पण रद्द करण्याच्या अटी आधी वाचा. अनेक साइटवर २८ रात्रींच्या पुढच्या बुकिंगला सवलत चांगली असते आणि पैसे परत मिळण्याचे नियम तितकेच कडक.

तिथे पोचल्यावर पहिले आठ-दहा दिवस साधं, रद्द करता येणारं घर घ्या आणि उरलेल्या दिवसांचं घर स्वतः डोळ्यांनी पाहून ठरवा. पर्यटकांना दिवसांवर देण्याच्या घरांना पोर्तुगालमध्ये सरकारी नोंदणी क्रमांक लागतो, आलोजामेंटो लोकाल, जाहिरातीत एएल असा दिसतो. तो मागा आणि सरकारी नोंदवहीत ऑनलाइन तपासा, पत्ता जुळतो का ते बघा. महिन्याच्या वर राहणार असाल तर लेखी करार हवा, त्यावर मालकाचा कर क्रमांक हवा. भाडं महिन्याच्या महिन्याला द्या. अशाही साइट आहेत ज्या तुम्ही घरात शिरल्यावर एक-दोन दिवसांनीच मालकाला पैसे सोडतात. एकट्या बाईने त्यांचं शुल्क जड मानू नये.

जागेबद्दल एक सुचवते. ग्रासा टेकडीवर आहे, सुंदर आहे, आणि तिथलं भाडं त्या दृश्याचं आहे. टेगस नदीपलीकडे अल्माडात, कासिल्यासच्या धक्क्याजवळ बघा. तिथे घरं सहसा स्वस्त पडतात आणि फेरीने दहाएक मिनिटांत लिस्बनच्या काईश दु सोद्रे धक्क्याला उतरता. ठाण्यातून रोज ऐरोली गाठणाऱ्या माणसाला हा प्रवास म्हणजे आराम आहे. महानगराचा महिन्याचा नावेगांत पास ४० युरोचा, त्यात मेट्रो, बस, ट्राम, फेरी सगळं येतं. घर बघताना भिंतीला हात लावून बघा. लिस्बनच्या जुन्या घरांत हीटिंग क्वचितच असतं, नोव्हेंबर-डिसेंबर पावसाचे असतात आणि ओल चढते. मुक्कामाला शहराचा पर्यटन कर माणशी रात्रीला ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्री. भाड्यात तो धरला आहे का, विचारून घ्या.

फॉरेक्स कार्ड मात्र घ्याच, दुसऱ्या बँकेतून. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी, म्हणजे चार टक्क्यांच्या वर जातात. दोन लाखांच्या भाड्यावर आठ हजार. दुकानात मशीनने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर नेहमी युरोत. आणि टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते त्या कराची, जी भीती तुम्हाला कुणी घातली आहे ती सोडा. परदेशी पाठवलेली रक्कम वर्षाला १० लाखांच्या आत असेपर्यंत, टूर पॅकेज घेतलं नसेल तर, तो लागत नाही.

शेवटचं, आईबद्दल. तिचा आरोग्य विमा फक्त तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे, असं पत्रातून दिसतं. बिनपगारी रजेच्या दिवसांत ते कवच चालू राहतं का, हे एचआरकडून लेखी घ्या, रजेचा अर्ज टाकण्याआधी. चालू राहत असेल तरी नोकरी बदलली की ते संपतं. परतल्यावर तिच्या नावावर वेगळी पॉलिसी घेण्याचं बघू. त्यासाठी तिची साखर, रक्तदाब आणि आधीच्या ऑपरेशनचे कागद भावाकडून मागवून ठेवा. आणि ती ३ लाखांची पॉलिसी रद्द झाल्याचा ईमेल आला की मला कळवा.