सायबर सिक्युरिटीच्या कामात नुसतं टेन्शनच असतं, की हसण्यासारखंही काही घडतं?

घडतं, आणि भरपूर घडतं. मी सांगलीत राहून हे काम करतो. मार्केट यार्डातल्या पेढ्या, पतसंस्था, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने यांच्या कॉम्प्युटरची तपासणी करायची आणि कुठून कोण घुसू शकेल ते मालकाला सांगायचं.

हळदीच्या एका पेढीवर दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा कडक नियम होता. दिवाणजींना विचारलं, "कुठं लिहून ठेवता?" तर म्हणाले, "छे, आमी लिहीत न्हाई." खरंच लिहीत नव्हते. पण मागं भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यात दुधाच्या खाड्यांच्या खुणा आणि वर्षभरात चारच लाल गोल: संक्रांत, पाडवा, बेंदूर, दसरा. बेंदूर नुकताच झालेला. मी म्हटलं, "म्हंजे आत्ताचा पासवर्ड 'बेंदूर', आन् पुढचा 'दसरा' न्हवं?" दिवाणजी चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

त्यांना वेंधळं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तीन-तीन महिन्यांनी नवा शब्द पाठ करायला लावला की माणूस अशीच सोय लावणार. अमेरिकेतल्या निस्ट या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी 2003 साली बिल बर यांनी ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलण्याचा सल्ला लिहिला आणि तो जगभर पसरला. 2017 मध्ये निस्टनं तो मागं घेतला आणि बर यांनीही आपल्याला पस्तावा होतोय असं सांगितलं. आता सल्ला असा: पासवर्ड लांब ठेवा आणि फुटल्याची शंका आली तरच बदला. त्या पेढीचा नियम आम्ही त्याच आठवड्यात काढून टाकला.

आमच्या धंद्यातली मोठी माणसंही मिश्कील असतात. 1 एप्रिल 2003 ला स्टीव्ह बेलोविन यांनी 'आरएफसी 3514' नावाचं रीतसर दिसणारं तांत्रिक टिपण काढलं. इंटरनेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जाते. आयपीव्ही4 या जुन्या पद्धतीच्या प्रत्येक पॅकेटमध्ये एक बिट, म्हणजे 0 किंवा 1 एवढ्यापुरती जागा, वापराविना पडून असतो. हल्लेखोरानं आपल्या पॅकेटमध्ये तो 1 करावा, म्हणजे फायरवॉल, नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, ते बाहेरच अडवेल, एवढंच त्यात मांडलंय. चोरानं कपाळावर 'चोर' लिहून यावं, तसं. नवीन मुलांना मी हे पहिल्याच दिवशी वाचायला देतो. आपण दिवसभर नेमकं काय ओळखायचा प्रयत्न करतो, ते त्यातून चटकन कळतं.

कर्मचारी फसतात का ते बघायला सराव म्हणून पाठवलेल्या खोट्या मेलच्या कथा तर विचारूच नका. 'दिवाळी बोनस'ची लिंक उघडेना म्हणून एकानं थेट आयटीवाल्यांकडं तक्रार केली होती. मला तो फार आवडला. बाकीचे क्लिक करून गप्प बसले होते.

पण सगळ्यांत लाडका किस्सा कुपवाडचा. मालकाची लेखी परवानगी घेऊन आमच्या टीममधला एक मुलगा एसी दुरुस्तीवाला बनून कारखान्यात शिरला. गेटवर कुणी हटकलं नाही. सर्व्हर रूमपाशी मात्र झाडलोट करणाऱ्या मावशी उभ्या.

"कुणी बोलावलंय?"

"मॅनेजर साहेबांनी."

"ते तर विट्याला गेल्यात. बसा, फोन लावते."

मुलगा म्हणाला, पाच मिनिटांचंच काम आहे. मावशींनी चहा आणून दिला, त्याची पिशवी स्वतःच्या खुर्चीखाली सरकवली आणि सांगितलं, "चहा घ्या निवांत. पिशवी हितंच ऱ्हाऊ दे." साहेबांचा फोन लागेपर्यंत त्यांनी त्याला जागचं हलू दिलं नाही. लाखभर रुपयांच्या यंत्रणेनं जे केलं नाही, ते त्यांनी एका कपात केलं.

अहवालात मावशींवर अख्खा परिच्छेद लिहिला. मॅनेजरनी विचारलं, "हे मालकांना दाखवायचं?" मी म्हटलं, "पहिल्या पानावर घ्या."