एपी लिटरेचर ऑनलाइन: निबंध कोण वाचणार, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पुढच्या वर्षी बारावीत जाईल, तिच्या अमेरिकन हायस्कूलमध्ये एपी (म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा) इंग्लिश लिटरेचर हा विषय शिकवत नाहीत, तिला वाचनाची मनापासून आवड आहे आणि काउन्सेलर म्हणतात की ऑनलाइन घ्या. हा विषय असा घरबसल्या जमतो का, आणि कोर्स निवडताना काय बघायचं? माझ्या मुलीनं हा कोर्स ऑनलाइन केला, धाकट्यानं शाळेत केला, आणि गेली काही वर्षं ओळखीतल्या मुलांचे निबंध मी वाचत असते. तेवढ्या शिदोरीवर लिहिते.

जमतो. फक्त एक गोष्ट नीट पारखून घ्या. तिनं लिहिलेला निबंध कोण वाचणार, किती दिवसांत वाचणार आणि वाचून तिला काय सांगणार? कॅल्क्युलसचा ऑनलाइन कोर्स व्हिडिओंवर बराचसा निभावतो, कारण उत्तर चुकलं की मुलाला स्वतःलाच कळतं. कवितेवरचा परिच्छेद फसला तर लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तिथे "हे तू कशावरून म्हणतेस?" असं विचारणारं माणूस लागतं.

आमचा पहिला कोर्स नेमका इथेच कमी पडला. धडे देखणे होते, प्रत्येक धड्यानंतर चाचणी होती, वेळापत्रक आखीव होतं. पण निबंध तीन-तीन आठवड्यांनी परत यायचा आणि त्यावर शेरा असायचा, "छान, विश्लेषण अजून वाढव." कुठलं विश्लेषण, कसं वाढवायचं, काही नाही. तोवर मुलगी पुढच्या युनिटमध्ये गेलेली असायची. सहा महिन्यांनी आम्ही कोर्स बदलला. दुसऱ्या ठिकाणी आठवड्यातून एकदा थेट वर्ग भरायचा, मुलं बारा-चौदाच, आणि तिथल्या बाई प्रत्येक निबंधात दोनच वाक्यांखाली रेघ ओढून शेजारी एकेक प्रश्न लिहायच्या. मग तोच निबंध पुन्हा लिहायचा. मुलीचं लेखन सुधारलं ते या दुसऱ्यांदा लिहिण्यात.

म्हणून पैसे भरण्याआधी स्पष्ट विचारा. वर्षभरात किती निबंध लिहून घेता? किती दिवसांत परत देता? पुन्हा लिहायची मुभा आहे का? एका शिक्षकाकडे किती मुलं आहेत? थेट चर्चा होते, की सगळं आपल्या सवडीनं व्हिडिओ बघून? शक्य असेल तर तपासलेल्या निबंधाचा नमुना मागा, मुलाचं नाव झाकून. तो एक कागद तुम्हाला माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगेल.

आता परीक्षेबद्दल, कारण कोर्स कसा हवा हे त्यावरूनच ठरतं. परीक्षा मे महिन्यात असते, तीन तासांची. पहिल्या तासात ५५ बहुपर्यायी प्रश्न. पाच उतारे, त्यांत किमान दोन गद्य आणि किमान दोन कविता. याचं वजन ४५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. उरलेल्या दोन तासांत तीन निबंध: एक दिलेल्या कवितेवर, एक दिलेल्या गद्य उताऱ्यावर आणि एक तिनं स्वतः वाचलेल्या कादंबरीवर किंवा नाटकावर. याचं वजन ५५ टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त निकाल लेखनावर, आणि दर निबंधाला साधारण ४० मिनिटं.

प्रत्येक निबंध सहा गुणांचा. एक गुण दाव्याला, म्हणजे या कवितेबद्दल तुझं नेमकं म्हणणं काय, याला. प्रश्नच फिरवून लिहिला तर तो गुण मिळत नाही. चार गुण पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला. शेवटचा एक गुण विचाराच्या खोलीला असतो. तो फार थोड्यांना मिळतो, त्याच्यामागे धावू नका. खरी लढाई मधल्या चार गुणांची आहे.

तिथे आपली मुलं कुठे अडखळतात ते सांगते, आणि यात आपणही थोडे कारणीभूत असतो. आपण शाळेत रसग्रहण लिहिलं. कवितेतला अलंकार ओळखायचा, कल्पनेचं सौंदर्य उलगडायचं, कवीच्या शब्दकळेला दाद द्यायची. मी मुलीला सुरुवातीला तसंच शिकवलं. या परीक्षेत अलंकार ओळखण्याला जवळजवळ काहीच मिळत नाही आणि कौतुकाला तर मुळीच नाही. काहीतरी म्हणायचं असतं आणि ते मजकुरातून सिद्ध करायचं असतं.

समजा उतारा असा आहे: एक माणूस शेत विकून घरी येतो, हात तीनदा धुतो, जेवायला बसतो, पण चिखलाचे बूट काढत नाही. मुलीचा पहिला मसुदा साधारण असा असेल: "लेखकानं हात धुण्याच्या प्रतिमेतून अपराधी भाव दाखवला आहे." पुरावा आहे, प्रतिमा ओळखली आहे, आणि वाक्य तिथेच थांबलं आहे. आता तिला विचारा, मग बूट का नाही काढले? ती थोडा वेळ गप्प बसेल. मग लिहील: "हात धुऊन तो झालेला व्यवहार पुसू बघतो, पण त्याच शेताची माती बुटांना आहे आणि ती तो ताटापर्यंत घेऊन येतो. त्याला सुटकाही हवी आहे आणि शेतही." हे भाष्य. दोन तपशील एकमेकांवर ठेवले आणि त्यातून माणूस दिसला. असा प्रश्न विचारणारं कुणी नसेल, तर हुशार मूलसुद्धा वर्षभर पहिल्याच वाक्यावर रेंगाळतं.

हे काम थोडंफार घरीही होतं. त्यासाठी तुमचं इंग्रजी अस्खलित असायची गरज नाही. मी रात्री जेवणानंतर मुलीला उतारा मोठ्यानं वाचायला लावायचे आणि मराठीतच विचारायचे, "तो असं का वागला?" उत्तर मराठीत, इंग्रजीत, अर्धंमुर्धं, कसंही येऊ दे. मला त्या वर्षातली ती पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात जास्त आठवतात.

वाचनाचं बघायचं तर, एपी परीक्षा घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, या परीक्षेसाठी ठरावीक पुस्तकांची यादी देत नाही. तिसऱ्या निबंधाच्या प्रश्नाखाली काही पुस्तकांची नावं छापलेली असतात, पण त्याच तोडीचं दुसरं पुस्तकही चालतं. त्यामुळे वीस पुस्तकं धावतपळत संपवणाऱ्या कोर्सपेक्षा पाच-सहा पुस्तकं मुरवून घेणारा कोर्स चांगला. तीन-चार कादंबऱ्या किंवा नाटकं तिला इतकी पक्की हवीत, की प्रसंग न बघता आठवावेत, कारण तिसऱ्या निबंधाला पुस्तक समोर नसतं. कवितेत मात्र उलट: खूप वाचाव्यात, अनोळखी वाचाव्यात, रोज एक.

२०२५ पासून ही परीक्षा संगणकावर, कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर होते आणि निबंध टाइप करायचे असतात. कविताही पडद्यावरच वाचायची. तिला कागदावर पेन्सिलीनं खुणा करत वाचायची सवय असेल तर ती सवय ठेवा, पण जानेवारीनंतर पडद्यावर वाचून, घड्याळ लावून, कुठल्याही मदतीशिवाय लिहायचा सराव वेगळा करून घ्या. आजकाल गृहपाठाचा निबंध यंत्राकडून लिहून घेणं हाताशी आहे. ऑनलाइन कोर्समध्ये ते कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि मे महिन्यात मूल कोऱ्या पडद्यासमोर एकटं असेल. याबद्दल तिच्याशी सरळ बोला.

आता कागदोपत्री गोष्टी, कारण इथे उशीर महागात पडतो. कोर्सला 'एपी' हे नाव लावायला कॉलेज बोर्डाच्या कोर्स ऑडिटची, म्हणजे अभ्यासक्रमाच्या तपासणीची, मान्यता लागते. मान्यता असलेल्या कोर्सची यादी सार्वजनिक आहे, त्यात नाव शोधा. शाळा या कोर्सचं क्रेडिट ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) घेईल का, आणि जीपीएमध्ये, म्हणजे गुणांच्या सरासरीत, त्याला एपीचं जादा वजन देईल का, हे काउन्सेलरकडून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी होकारावर थांबू नका. मुलगी कॉलेजात खेळणार असेल तर कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचे ऑनलाइन कोर्सबद्दल वेगळे नियम आहेत, तेही आधीच बघा.

आणि कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेची नोंदणी झाली, असं होत नाही. परीक्षा एखाद्या शाळेतच द्यावी लागते. मुलीच्या शाळेत हा विषय नसला तरी तिथे दुसऱ्या एपी परीक्षा होत असतील, तर तिथल्या एपी को-ऑर्डिनेटरना शाळा सुरू होताच भेटा. ते फक्त परीक्षेपुरता जॉइन कोड, म्हणजे ऑनलाइन नोंदणीचा कोड, देऊ शकतात. त्यांनी नाही म्हटलं तर जवळच्या दुसऱ्या शाळा शोधायला वेळ हवा. शाळांना नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत प्रश्नपत्रिका मागवाव्या लागतात. त्यानंतर सुमारे १०० डॉलरच्या परीक्षा शुल्कावर आणखी ४० डॉलर पडतात, आणि तेही शाळा तयार असली तर.

खर्चाचं म्हणाल तर, आधी राज्याची सार्वजनिक ऑनलाइन शाळा आहे का ते पाहा. फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल १९९७ पासून चालू आहे आणि तिथल्या रहिवासी मुलांना कोर्स मोफत आहेत. इतरही काही राज्यांत अशी सोय आहे. कोर्स कुठलाही घेतला तरी कॉलेज बोर्डाच्या एपी क्लासरूम या संकेतस्थळावरचे एपी डेली नावाचे शिकवणीचे व्हिडिओ वेगळे पैसे न देता मिळतात. जोड म्हणून चांगले आहेत. पण निबंध ते वाचत नाहीत.

तुम्ही जाता जाता विचारलंय, लिटरेचर की एपी इंग्लिश लँग्वेज? लँग्वेजमध्ये भाषणं, लेख, युक्तिवाद असतात. लिटरेचरमध्ये कथा, कविता, नाटक. बऱ्याच शाळांत अकरावीला लँग्वेज आणि बारावीला लिटरेचर देतात, पण आधी लँग्वेज केलंच पाहिजे असा कॉलेज बोर्डाचा नियम नाही. कॉलेजचं क्रेडिट हवं म्हणून हा विषय घेत असाल, तर तिच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं पान उघडून बघा. परीक्षेचा निकाल १ ते ५ मध्ये येतो; कुठे ३ ला क्रेडिट आहे, कुठे ४ किंवा ५ लागतात, कुठे काहीच मिळत नाही. पण तुम्ही लिहिलंय की ती पुस्तक संपलं की दोन दिवस त्याबद्दलच बोलत असते. मग लँग्वेज नको, हेच घ्या.

या आठवड्यात दोनच कामं करा. काउन्सेलरना ईमेल टाका आणि मनात असलेल्या दोन-तीन कोर्सना तपासलेल्या निबंधाचा नमुना मागा. नमुने आले की मुलीलाच वाचायला द्या आणि विचारा, यांतल्या कुठल्या शेऱ्यानंतर तुला निबंध पुन्हा लिहावासा वाटेल.