डिस्क्राय म्हणजे नुसतं दिसणं नाही

तू विचारलंयस की वाचताना डिस्क्राय (descry) हे इंग्रजी क्रियापद आलं, डिक्शनरीत "लांबून दिसणे" एवढंच सापडलं, मग सी (see) आणि यात फरक काय आणि लक्षात कसं ठेवायचं.

अर्थ पाठ करू नकोस. एखाद्या संध्याकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर जाऊन उभा रहा. समोर मांडवी नदीच्या पलीकडे आग्वादचा किल्ला तर न शोधताच दिसतो, तिथे सी पुरे. पण पाणी आणि आभाळ जिथे एक होतं तिथे बघत रहा, सगळं धुरकट असतं, आधी नुसता काळा ठिपका, लाट आहे की सावली तेच कळत नाही, डोळे बारीक करून बघत राहतोस आणि एकदम उलगडतं, अरे हा तर ट्रॉलर, मासेमारीची बोट! (१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा नको जाऊस.) तो उलगडण्याचा क्षण म्हणजे डिस्क्राय. अंतर हवं किंवा अंधुकपणा हवा, आणि शोधणारी नजर हवी. समोरच्या टेबलावरचा कप कोणी डिस्क्राय करत नाही.

आपली खरी अडचण मराठीत आहे. आपण म्हणतो "मला जहाज दिसलं", म्हणजे दिसायचं काम जहाज करतं, आपण नुसते उभे. डिस्क्रायमध्ये काम बघणाऱ्याचं असतं, "वी डिस्क्राइड अ सेल ऑन द होरायझन". त्यामुळे मी मुलांना "दिसणे" लिहूच देत नाही, "हेरणे" किंवा "नजरेने टिपणे" लिहा म्हणतो, तेही तंतोतंत नाही पण कर्ता तरी जागेवर राहतो.

भूतकाळाच्या स्पेलिंगमध्ये वायचा आय होतो आणि पुढे ईडी, क्राय-क्राइडसारखंच. आणि हो, डिक्राय (decry) वेगळा बरं का, त्यात एस नाही आणि अर्थ जाहीर निंदा करणे, पेपरात हाच जास्त येतो आणि परीक्षेत मुलं इथेच मार्क घालवतात. मजा म्हणजे दोन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेत आणि दोन्हींच्या पोटात क्राय म्हणजे ओरडणं आहे. मी डिस्क्रायमधला एस लक्षात ठेवायला सी (sea) म्हणजे समुद्र सांगतो, डोलकाठीवरचा खलाशी जमीन दिसली म्हणून ओरडतोय असं चित्र डोळ्यासमोर आणायचं.

शब्द जुन्या वळणाचा आहे, कथा-कवितेत शोभतो, ऑफिसच्या ईमेलमध्ये स्पॉटच लिही. आता मिरामारवरची दोन वाक्यं करून दाखव, एक सीचं आणि एक डिस्क्रायचं, मी तपासून देतो.