वाचकांचे प्रश्न: टाचेमागची शीर अन सातवं अक्षर

प्रश्न: ताई, मी आर्वी तालुक्यातली, बीएस्सी झाली, घरूनच मेडिकल कोडिंगचा (आजाराले-इलाजाले ठरलेला कोड देण्याचं काम) ऑनलाइन क्लास करून राहिली. सराव पेपरात केस होती, कबड्डीत उजव्या पायाची अकिलिस, म्हणजे टाचेमागची शीर (टेंडन, स्नायू हाडाले बांधणारा दोर), पूर्ण तुटली, पेशंट इमर्जन्सीत गेला, दहा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं, त्या ऑपरेशनचा डायग्नोसिस कोड द्या. शीर घोट्यापाशी म्हणून मी एस९६ (घोटा अन पाऊल) मधला घेतला अन दुसरी व्हिजिट म्हणून शेवटी, सातव्या जागी, डी लावला. दोन्ही चूक! मले समजूनच नाही राहिलं.

उत्तर: एस९६चं आधी निपटवू. अकिलिस दिसते टाचेमागे, पण ती पोटरीच्या स्नायूची शीर, म्हणून कोडच्या पुस्तकात (आयसीडी-१०-सीएम) तिचं घर एस८६ मध्ये, गुडघ्याखालच्या पायात. तुझा कोड एस८६.०११. शेवटचा १ म्हणजे उजवा, २ डावा, अन ९ म्हणजे चार्टात बाजू लिहिलीच नाही. तिथं नाव 'स्ट्रेन' (ताण) दिसते, शीर पूर्ण तुटली तरी, त्यानं बिचकू नको. डवऱ्याची पास लागून कापली असती तर एस८६.०२१.

आता डी. खरी गडबड इथंच होते अन दोष त्या नावाचाच आहे, ए ले 'इनिशिअल एन्काउंटर' म्हणतात मग माणूस पहिली व्हिजिटच समजणार ना बाप्पा! ए लागतो ते अ‍ॅक्टिव्ह ट्रीटमेंट चालू असेपर्यंत, डॉक्टर बदलो की दहा दिवस जावोत. इमर्जन्सीतही ए, ऑपरेशनलेही ए. ऑपरेशन झालं, आता प्लास्टर बदलायला आला, फिजिओथेरपीले आला, की डी. अन वर्षभरानं त्याच मारामुळं लंगडत आला तर आधी आजच्या त्रासाचा कोड अन त्याच्या मागून मूळ जखमेचा, सातव्या जागी एस लावून. म्हणजे तुझं उत्तर एस८६.०११ए.

एक केस अजून येते परीक्षेत. म्हातारे काकाजी बैलाले कुटार टाकायला उठले, पाऊल टाकलं अन मागून कोणी गोटा मारल्यासारखं झालं, वळून पाहतात तर कोणीच नाही. ना खेळ ना मार, साध्या चालण्यात तुटली म्हणजे शीर आधीच कमजोर, असं डॉक्टरनं लिहिलं असेल तर एम६६ (आपोआप तुटलेली शीर) मध्ये जायचं अन तिथं ए-डी लागतच नाही. नुसती सूज असेल तर एम७६.६१ उजवा, ६२ डावा. पण डॉक्टरनं लिहिलं नसेल तर आपण ठरवायचं नाही, विचारायचं.

अन हे सगळं अमेरिकेच्या पुस्तकाचं, तिकडं १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेलं. आपल्या इकडं कोणाच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं एस८६.० दिसलं तर अर्धवट समजू नको, डब्ल्यूएचओच्या यादीत कोड तेवढाच आहे.