घाटात रात्री गाडी बंद पडली तर आत बसायचं की उतरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : दिवाळीत इंदूरहून सेंधवा-धुळे मार्गे पुण्याला निघायचंय. सोबत आई, गुडघ्याचं दुखणं असलेले बाबा आणि पाच वर्षांची मुलगी. मानपूरच्या पुढे उतारावर रात्री गाडी बंद पडली तर आत बसून मदतीची वाट बघायची की खाली उतरायचं? ‘रात्रीची वेळ, काचा लावून आतच बसा’ असा सल्ला तुम्हाला मिळालाय. माझं उत्तर उलट आहे. उतरायचं, डाव्या बाजूनं, आणि कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं.

चोराचिलटांची भीती खोटी नाही, पण एबी रोडवर (जुना आग्रा-मुंबई महामार्ग) त्याहून मोठी भीती मागून येणाऱ्या ट्रकची आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. अंधारात उभी गाडी दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन सेकंद धरा : ४४ मीटर गेले. पुढे भरलेला ट्रक थांबायला आणखी साठेक मीटर, तेही ब्रेक थंड असतील तर. इथेच आपला रस्ता वेगळा पडतो. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, नर्मदेचं खोरं त्याहून सुमारे चारशे मीटर खाली. धुळ्याकडे जाताना हा सगळा उतार गणेश घाटाच्या परिसरात उतरावा लागतो. ड्रायव्हरनं खालचा गिअर न टाकता नुसत्या ब्रेकवर ट्रक उतरवला की ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्यावर घासणाऱ्या लायनिंगची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात हाच प्रकार. ४ जुलै २०२३ ला घाट उतरून आलेला कंटेनर पळासनेरला गाड्यांना ठोकत थेट रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. म्हणून घाटाच्या पायथ्याशी ढाब्यावर थांबलात तरी गाडी रस्त्याला लागून नको, आत खोलवर लावा.

आता मुळात घाटात थांबायची वेळ का येते ते बघू, कारण निम्म्या वेळा ती टाळता येते. गाडी सहसा एकदम मरत नाही, आधी सांगते. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बॅटरी चार्ज करत नाहीये, गाडी बॅटरीच्या शिलकीवर चालली आहे. एसी, काचेचा हीटर, म्युझिक सगळं बंद केलं तर दिवसा बरंच अंतर जाता येतं, रात्री हेडलाइटमुळे कमी. तेवढ्यात पुढचा टोलनाका किंवा पेट्रोल पंप गाठा आणि तोवर इंजिन बंद करू नका, पुन्हा चालू होणार नाही. पण हा दिवा लागला आणि त्याच वेळी तापमानाचा काटाही वर जाऊ लागला, तर अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. अशा वेळी रेटू नका, पहिल्या सुरक्षित जागी थांबा. मानपूरलाच शंका आली तर तिथेच थांबायचं. ‘खाली नर्मदेकाठी खलघाटला बघू’ हा विचार नको, मध्ये सगळा उतार आहे.

टायर बसला तर नेमकं उलटं करा. चारही इंडिकेटर लावून, जोरात ब्रेक न मारता, दहा-पंधराच्या वेगानं रुंद जागेपर्यंत रखडत जा. पाचशे मीटरमध्ये टायर फाटेल, कदाचित रिमही वाकेल. जाऊ द्या.

इंजिन चालत्या गाडीत बंद पडलं तर दोन गोष्टी लगेच बदलतात. स्टीअरिंग जड होतं, पण फिरतं. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पुरेल एवढाच व्हॅक्यूम उरतो. त्यामुळे पेडल सारखं पंप करू नका, एकदा घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. चावी काढू नका, नाहीतर स्टीअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रल, आणि उतरत्या वेगाचाच उपयोग करून डावीकडे साइडपट्टीच्या पार कडेला. पुलावर, वळणाच्या आतल्या अंगाला किंवा चढ संपून उतार लागतो त्या टोकाच्या लगेच पुढे थांबू नका, मागच्याला तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. खलघाटचा नर्मदा पूल गाडी चालू आहे तोवर ओलांडून टाका.

थांबल्यावर हँडब्रेक, पहिला किंवा रिव्हर्स गिअर, पुढची चाकं डावीकडे वळवलेली. मागून धडक बसलीच तर गाडी लेनमध्ये फेकली जायला नको. मग माणसं. मुलीच्या दाराला चाइल्ड लॉक असेल, ते बाहेरूनच उघडतं, आणि आपण सवयीनं मुलांना उजवीकडे बसवतो. तिला डावीकडे बसवायची सवय निघायच्या दिवसापासूनच लावा. सगळे डाव्या दारांनी उतरतील; ड्रायव्हरनंही आतून सरकून डावीकडूनच.

उभं कुठे राहायचं? कठड्यापलीकडे, आणि गाडीच्या शेजारी किंवा पुढे नाही, तर मागे, म्हणजे वाहनं येतात त्या दिशेला दहा-पंधरा पावलं. धडक बसली तर गाडी पुढे ढकलली जाते, मागे नाही. पलीकडे पाय टाकण्यापूर्वी टॉर्चनं जमीन बघा. घाटात काही ठिकाणी कठड्यालगतच दरी आहे, आणि पुलावर तर पलीकडे काहीच नाही. बाबांना कठडा ओलांडता येणार नसेल तर कडेकडेनं कठडा संपतो तिथपर्यंत किंवा डोंगराच्या बाजूच्या मोकळ्या जागेपर्यंत चालवत न्या. डिकीत एक घडीचं स्टूल टाका, त्याचा इथे खरा उपयोग होईल. अगदीच उतरता येत नसेल, किंवा गाडी दुभाजकाच्या बाजूच्या लेनमध्येच अडकली असेल आणि वाहतूक थांबत नसेल, तेव्हाच आत बसणं योग्य : बेल्ट लावलेला, डोकं हेडरेस्टला टेकलेलं, चारही इंडिकेटर चालू, आणि फोन ताबडतोब.

लाल त्रिकोण. गाडीसोबत मिळतो, पण बहुतेकांचा तो स्टेपनीखाली असतो आणि त्यावर बॅगा. तो काढायला माणूस मध्यरात्री डिकीत वाकून उभा राहतो, आणि घात होण्याची सगळ्यात पक्की जागा तीच. शिवाय ज्या गाड्यांचे मागचे दिवे डिकीच्या दारावर असतात, त्यांची डिकी उघडली की दिवे आभाळाकडे बघतात. त्रिकोण पुढच्या सीटखाली ठेवा, सोबत टॉर्च आणि परावर्तक जॅकेट. गाडीपासून निदान १०० मीटर मागे ठेवायचा, म्हणजे साधारण १३० पावलं. वर ट्रकच्या थांबण्याचं जे अंतर काढलं ते बघितलंत की कारण कळेल. गाडीच्या मागे वळण असेल तर येणाऱ्यांना वळणाच्या आधीच दिसेल असा. चालताना कठड्यापलीकडून, वाहनांकडे तोंड करून, उघडलेला त्रिकोण छातीसमोर धरून. रस्ता अरुंद आणि गर्दी सुसाट असेल तर त्रिकोणाचा नाद सोडा, त्यापायी जीव घालवू नका.

फांद्या तोडून ठेवायची आपल्याकडची पद्धत वाईट नाही, दिवसा लांबून दिसतात. दगड मात्र कधीच नाही. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. फांद्याही निघताना उचला.

चार इंडिकेटरचे २१ वॅटचे दिवे निम्मा वेळच पेटतात, त्यामुळे धडधाकट बॅटरीवर पाच-सहा तास सहज चालतात. हेडलाइट त्याच्या दोन-तीन पट वीज खातात, दोन-तीन तासांत बॅटरी बसवतात. ते बंद करा. पण गाडी अल्टरनेटरमुळेच थांबली असेल तर बॅटरी आधीच रिकामी असते आणि इंडिकेटरही थोड्याच वेळात मंद होतील. तेव्हा सगळी मदार त्रिकोणावर.

फोन : राष्ट्रीय महामार्गावर १०३३, पोलीस किंवा कुठलंही संकट असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. ‘मानपूरच्या पुढे कुठेतरी’ याचा मदत पथकाला काही उपयोग नाही. किलोमीटरच्या पिवळ्या माथ्याच्या दगडावरचा आकडा सांगा. मधल्या छोट्या दगडांवर २, ४, ६, ८ लिहिलेलं असतं, ते शंभर मीटरांचे आकडे. आणि कुठली बाजू ते आवर्जून सांगा, ‘धुळ्याकडे उतरणारी’. चुकीच्या बाजूला आलेल्या क्रेनला वळून यायला बराच वेळ जातो. घाटात रेंज जाते-येते, म्हणून लोकेशन मेसेजनं घरीही पाठवून ठेवा.

टायर बदलण्याबद्दल. उजवीकडचं चाक रात्री महामार्गावर बदलायचं नाही, विषय संपला. डावीकडचं बदलाल तर सपाट, टणक जागेवर, माणसं दूर उभी करून. मुरमाड साइडपट्टीत जॅक रुततो आणि गाडी तिरकी होऊन घसरते, त्यामुळे साधारण २० बाय २० सेंटिमीटरची, दोन सेंटिमीटर जाड फळी सोबत ठेवा. तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा (आणि नंतर काढा). नट गाडी उचलण्यापूर्वीच अर्धा फेरा सैल करायचे, हवेत असलेल्या चाकावर पाना मारला की गाडी जॅकवरून उतरते. जॅक पत्र्याला नाही, खालच्या पट्टीवर जिथे खाच आहे तिथेच. स्टेपनी बसवेपर्यंत काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक सुटला तरी बॉडी त्यावर टेकते. नट समोरासमोरचे कसायचे, ओळीनं नाही. पन्नासेक किलोमीटरवर पुन्हा एकदा कसा. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ८०, पाळा. आणि निघण्यापूर्वी तिची हवा तपासा. वर्षभर न पाहिलेली स्टेपनी हमखास मऊ निघते.

दिवाळीत ओव्हरहीटचा त्रास कमी, पण मे महिन्यात निमाडात, म्हणजे नर्मदेच्या या खोऱ्यात, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा गाड्या रांगेनं बोनेट उघडून उभ्या दिसतात. काटा चढू लागताच एसी बंद, हीटर पूर्ण गरम, पंखा जोरात : केबिनमध्ये भट्टी होते, पण इंजिनची उष्णता तिकडून निघते. थांबल्यावर रेडिएटरचं झाकण पाऊण तास तरी उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर गेलेलं असतं, झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. प्यायचं पाणी वेगळं आणि रेडिएटरचं वेगळं ठेवा.

बोनेटमधून धूर आणि जळक्या वायरचा किंवा पेट्रोलचा वास आला तर बोनेट उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो. सगळे तीस मीटर दूर. एक किलोचा अग्निशामक आठ-दहा सेकंदच चालतो, तो लहान आगीपुरताच.

रात्री मोटारसायकलवरून कुणी ‘टायरमधून धूर येतोय’ म्हणून खुणावलं आणि गाडीत काही जाणवत नसेल, तर तिथे थांबू नका, पंपावर किंवा टोलनाक्यावर जाऊनच बघा. उलट बंद पडल्यावर मदतीला थांबणारे बहुतेक ट्रकवाले सरळ असतात, आणि तापलेल्या इंजिनाबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. फक्त त्यांचा ट्रकही लेनमध्ये उभा राहणार नाही एवढं बघा.

ओढून न्यायचं झालं तर घाटात दोरीनं अजिबात नाही. इंजिन बंद असलेल्या गाडीचे ब्रेक जड, उतारावर ती पुढच्या गाडीवर जाते. क्रेन मागवा, ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच. दर आणि कुठपर्यंत नेणार ते गाडी चढवण्याआधी ठरवा, क्रेनच्या नंबरचा फोटो घरी पाठवा. ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीत आई-बाबा किंवा मुलगी बसणार नाहीत. त्यांच्यासाठी धामनोद किंवा सेंधव्याहून वेगळी टॅक्सी बोलवा.